जानेवारीतला घरचा सामना

२०१३च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस.साठी न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात आले, तेव्हा आमच्या विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ नुकताच बेघर झाला होता. विद्यापीठाचे पूर्ण नाव न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी; सगळे त्याला एनजेआयटी म्हणतात, आणि पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या कितीतरी इंजिनीअर मुलामुलींना हे नाव चांगले परिचयाचे आहे. तिथे बास्केटबॉलचा संघ आहे याची मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांना दोन वर्षांत गंधवार्ताही नसते. मला ती लागली, कारण नागपूरला शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी सहा वर्षे खेळले होते, आणि परक्या शहरातल्या पहिल्या हिवाळ्यात जिमच्या दारातून चेंडू आपटल्याचा आवाज कानावर आला की पाय आपोआप तिकडे वळायचे.

जिम लहान होते. जेमतेम दीड-एक हजार माणसे मावतील अशी बाकांची चढण, आणि तीही क्वचितच भरलेली. दाराजवळच्या टेबलावर हंगामाचे वेळापत्रक छापलेली कार्डे ठेवलेली असत, खिशात मावतील अशी. घरचे सामने ठळक अक्षरांत, बाहेरगावचे साध्या अक्षरांत. मी एक कार्ड उचलले आणि घरी येऊन भिंतीवर चिकटवले. नोव्हेंबर आणि डिसेंबर महिने दाट भरलेले होते; पुढे, ज्या दिवसांत अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलला खरा रंग चढतो, त्या जानेवारी-फेब्रुवारीत ठळक अक्षरे फार विरळ होत गेली होती आणि काही प्रतिस्पर्ध्यांची नावे तर खालच्या विभागातल्या कॉलेजांची होती. पुढच्या सामन्याला माझ्या मागच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. त्यांना मी याचे कारण विचारले. जानेवारीत सगळे संघ आपापल्या कॉन्फरन्समध्ये खेळत असतात, आणि आपल्याला कॉन्फरन्सच उरलेली नाही, असे त्यांनी सांगितले. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. घरातल्या दुखण्याविषयी बाहेरच्या माणसाशी बोलताना येतो तसा संकोच होता.

कॉन्फरन्स हा शब्द मी तोवर परिसंवादाच्या अर्थानेच ऐकला होता. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाक्षेत्रात, एनसीएए या संघटनेच्या सर्वांत वरच्या विभागात, तेव्हा ३५१ विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ होते, आणि ते तीसहून अधिक गटांत विभागलेले होते. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. नववर्षाच्या आसपासपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत गटातले संघ एकमेकांशी, बहुधा घरी एकदा आणि बाहेर एकदा, खेळतात. शेवटी गटाची स्वतःची बाद फेरीची स्पर्धा होते. आणि ती जिंकणाऱ्याला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या जागा निवड समिती देते, आणि त्यांतल्या बहुतेक मोठ्या, श्रीमंत गटांकडे जातात. म्हणून मोठ्या विद्यापीठाला राष्ट्रीय स्पर्धेत शिरायला दोन दरवाजे असतात, तर लहान विद्यापीठाला एकच. ज्याला कॉन्फरन्स नाही, त्याच्यासाठी तोही बंद. शिवाय अर्धे वेळापत्रक, ओळखीचे वैरी, बसने जाता येईल असा प्रवास, वर्तमानपत्रात छापून येणारा गुणतक्ता, हे सगळे त्या एका सभासदत्वाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते. गावात घर असून गावकीत नाव नसावे, जत्रेला सगळे निघावेत आणि आपल्याला कुणी हाक मारू नये, तशी एनजेआयटीची त्या दोन वर्षांतली स्थिती होती. वरच्या विभागातल्या ३५१ संघांत कोणत्याही गटात नसलेला तो एकमेव संघ होता.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग भूगोलाने ठरतात. महाराष्ट्रातले विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते, आणि दूरदर्शनवर जास्त पैसे मिळतील म्हणून उद्या ते पूर्व विभागात जाईल असे कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे हे प्रकरण समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. नकाशा समोर ठेवून, कागदावर बाण काढत मी ते एकदा लिहून काढले होते, आणि तो कागद मला अजून आठवतो.

पहिला बाण २०११च्या सप्टेंबरमधला. सिराक्यूज आणि पिट्सबर्ग या दोन विद्यापीठांनी बिग ईस्ट कॉन्फरन्स सोडून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जायचे ठरवले. कारण अमेरिकन फुटबॉलचे आणि त्याच्या प्रक्षेपण हक्कांचे होते. बास्केटबॉलचा त्यात संबंध असलाच तर दुय्यम. बिग ईस्टने भोके बुजवण्यासाठी कॉन्फरन्स यूएसएमधून ह्यूस्टन, मेम्फिस, सदर्न मेथडिस्ट, सेंट्रल फ्लोरिडा असे संघ उचलले. कॉन्फरन्स यूएसएने आपली भोके बुजवायला सन बेल्ट आणि वेस्टर्न अॅथलेटिक या दोन कॉन्फरन्सांकडे हात घातला. सन बेल्टने स्वतःची उणीव भरून काढायला पुन्हा वेस्टर्न अॅथलेटिकमधूनच टेक्सास स्टेट आणि टेक्सास-आर्लिंग्टन नेले. यूटा स्टेट आणि सॅन होजे स्टेट माउंटन वेस्टकडे गेले. वेस्टर्न अॅथलेटिकची अशी चाळण झाल्यावर तिने जगण्यासाठी त्याहून लहान असलेल्या ग्रेट वेस्ट कॉन्फरन्समधून यूटा व्हॅली, टेक्सास-पॅन अमेरिकन आणि शिकागो स्टेट घेतले. ह्यूस्टन बॅप्टिस्ट साउथलँडकडे गेले. नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा त्याआधीच बाहेर पडले होते. २०१३च्या उन्हाळ्यात ग्रेट वेस्टमध्ये एकच विद्यापीठ उरले, आणि एका विद्यापीठाची कॉन्फरन्स होत नाही. ते विद्यापीठ आमचे.

या साखळीत कुणी एनजेआयटीविरुद्ध काहीही केलेले नाही. सिराक्यूजमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या मनात नेवार्कच्या त्या लहानशा जिमचा विचार येणेही शक्य नव्हते. प्रत्येकाने आपल्या वरच्याने केलेली उणीव आपल्या खालच्याकडून भरून घेतली, आणि ज्याच्या खाली कुणीच नव्हते त्याच्यापाशी ती येऊन थांबली. कॉन्फरन्सांच्या या फेररचनेविषयी बोलताना तिकडच्या बातम्यांत नेहमी वरच्या टोकाची नावे असतात, कोण कुठे गेले आणि किती अब्जांचा करार झाला. मला त्यातले खालचे टोकच आधी दिसले, म्हणून असेल, पण अशी प्रत्येक बातमी वाचताना माझी नजर यादीच्या तळाशी जाते.

ग्रेट वेस्ट ही काही मोठी सुखाची जागा होती असेही नाही. नेवार्कहून टेक्सासच्या दक्षिण टोकाला किंवा यूटातल्या ओरेमला एका सामन्यासाठी जायचे, आणि गट जिंकला तरी राष्ट्रीय स्पर्धेचा थेट प्रवेश नाहीच, कारण त्या गटाला तो हक्क कधी मिळालाच नाही. तरीही जानेवारीत खेळायला कुणीतरी होते. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी मला त्याआधीचीही गोष्ट सांगितली. वरच्या विभागात आल्यानंतर २००७-०८च्या हंगामात संघाने २९ सामने खेळले आणि २९ हरले. पराभवांची ती मालिका पुढच्या हंगामातही चालू राहिली आणि ५१ सामन्यांपर्यंत गेली. अखेर २१ जानेवारी २००९ रोजी ऱ्होड आयलंडच्या ब्रायंट विद्यापीठाला हरवून ती तुटली. जिम एंगल्स नावाचे प्रशिक्षक त्याच हंगामात आले होते. त्यांनी कुणी न विचारलेली मुले गोळा केली, त्यांना तीन-चार वर्षे एकत्र ठेवले आणि हळूहळू त्यांचा संघ उभा केला. संघ उभा राहिला, आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या पायाखालची कॉन्फरन्स गेली.

६ डिसेंबर २०१४, शनिवार. सोलापूरची माझी रूममेट आणि मी सेमिस्टरच्या शेवटच्या प्रोजेक्टचा अहवाल लिहीत बसलो होतो. संघ मिशिगनला गेला होता. अशा सामन्यांचा एक ठरलेला व्यवहार असतो: मोठे विद्यापीठ हंगामाच्या सुरुवातीला लहान संघाला आपल्या घरी बोलावते, येण्याबद्दल एक रक्कम देते आणि बहुधा सहज जिंकते. त्या रकमेवर लहान संघाचा वर्षाचा बराचसा प्रवास चालतो. मिशिगन तेव्हा देशात सतराव्या क्रमांकावर होते, दीड वर्षापूर्वी राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळले होते, आणि त्यांच्या क्रीडागृहात आमच्या जिमच्या आठपट माणसे बसतात. मी फोनवर अधूनमधून गुणसंख्या पाहत होते. मध्यंतरानंतरही ती जवळपास बरोबरीची होती, तेव्हा मी लॅपटॉप मिटला. माझ्या मैत्रिणीला बास्केटबॉलमधले काही कळत नव्हते, पण तीही माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. ७२-७०. जिंकले ते आमचे. आम्ही दोघी जिन्यावरून धावत खाली गेलो आणि रस्त्यावर आल्यावर आता कुठे जायचे हे आम्हाला सुचेना, इतका तो आनंद अनपेक्षित होता. थंडी कडाक्याची होती आणि आम्ही दोघी स्वेटरवरच उभ्या होतो.

त्या विजयाने देशभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या विद्यापीठाचे नाव आले, आणि प्रत्येक बातमीत त्या नावाच्या मागे तीच ओळ होती: देशातला कॉन्फरन्स नसलेला एकमेव संघ. हंगामात संघाने २१ सामने जिंकले. कॉन्फरन्स नसल्याने राष्ट्रीय स्पर्धेचा थेट प्रवेश मिळण्याची सोयच नव्हती. सीआयटी नावाच्या दुय्यम स्पर्धेत ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. मे महिन्यात माझी पदवी झाली. जूनमध्ये बातमी आली की अटलांटिक सन कॉन्फरन्सने एनजेआयटीला घेतले.

ही जागा रिकामी कशी झाली, ते नीट पाहायला हवे. अटलांटिक सनमधले नॉर्दर्न केंटकी विद्यापीठ त्याच वसंतात होरायझन लीगकडे गेले होते. म्हणजे ज्या वाऱ्याने आमचे छप्पर उडाले, त्याच वाऱ्याने दुसऱ्या कुणाचा दरवाजा आमच्यासाठी उघडला. फेररचनेमुळे लहानांचे नेहमी नुकसानच होते असे मला म्हणता येणार नाही. काहींना तिच्यातूनच वरची पायरी मिळाली आहे. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ आणि जॉर्ज मेसन ही विद्यापीठे कलोनियल कॉन्फरन्समध्ये असताना अनुक्रमे २०११ आणि २००६ साली राष्ट्रीय उपांत्य फेरीत गेली आणि पुढे अटलांटिक १० मध्ये स्थिरावली. बटलर तर २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामना खेळून अखेर बिग ईस्टमध्ये पोहोचले. पण ते गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या यशाच्या गोष्टीत कुठे येत नाही.

मिझुरी व्हॅली या १९०७ साली स्थापन झालेल्या कॉन्फरन्सचे उदाहरण मला त्यासाठी फार बोलके वाटते. २०१३मध्ये क्रेटन तिथून बिग ईस्टला गेले. त्याच वर्षी विचिटा स्टेटने राष्ट्रीय उपांत्य फेरी गाठली आणि पुढच्या वर्षी एकही सामना न हरता राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला. २०१७मध्ये तेही गेले. २०१८मध्ये शिकागोच्या लोयोलाने उपांत्य फेरी गाठली. २०२२मध्ये तेही गेले. ज्याचे बरे झाले, तो बाहेर पडला. मग २०२४मध्ये इंडियाना स्टेटने २८ सामने जिंकले, फक्त सहा हरले, त्यांतला एक नेमका कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, आणि निवड समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत घेतले नाही. समिती तुम्ही कुणाला हरवले ते पाहते. ज्यांना हरवून मोल वाढावे असे शेजारी गट सोडून गेलेले असतात, आणि मोठ्या गटांची सभासदसंख्या वाढून त्यांचे आपापसातले सामनेच इतके होतात, की लहानांशी खेळायला त्यांच्याकडे तारखा उरत नाहीत. उरल्या तरी ते लहानांच्या घरी जात नाहीत. अशा रीतीने २८ विजयही कमी पडतात. त्या वसंतात इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक सेंट लुईस विद्यापीठात गेले, आणि संघाचा सर्वांत लाडका खेळाडू त्यांच्यामागून गेला.

अटलांटिक सनमधली आमची पाच वर्षे प्रवासातच गेली. मी तोवर जर्सी सिटीत राहायला गेले होते आणि नोकरी करत होते, पण सामन्यांना जायचे. त्या गटाची गावे म्हणजे फ्लोरिडातले फोर्ट मायर्स, जॅक्सनव्हिल आणि डीलँड, टेनेसीतले नॅशव्हिल, अटलांटाजवळचे केनेसॉ. नेवार्क ते फोर्ट मायर्स हे अंतर विमानाने साधारण १,७०० किलोमीटर. मोठ्या विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ खास भाड्याच्या विमानाने जातात आणि रात्रीच परत येतात. लहान संघ साध्या प्रवासी विमानाने, मध्ये कुठेतरी थांबत जातो, आणि त्यातली मुले विमानतळाच्या फरशीवर पाय पसरून गृहपाठ करत बसतात. एकदा मी नेवार्क विमानतळावर त्यांना तसे पाहिले आहे. आमच्या विद्यापीठाचे जाकीट घातलेला एक उंच मुलगा, मांडीवर वही, वहीत विकलक समीकरणे, आणि शेजारी एका बुटाची नाडी सोडून ठेवलेली, बहुधा घोटा सुजला असावा. गुरुवारची दुपार होती. शनिवारी तिकडे सामना, रविवारी परत, सोमवारी वर्ग. २०२० मध्ये एनजेआयटीने अमेरिका ईस्ट कॉन्फरन्समध्ये प्रवेश केला, आणि व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, बिंगहॅम्टन, ऑल्बनी अशी बसच्या वाटेवरची गावे वाट्याला आली, तेव्हा मला त्या घोट्याची आठवण झाली. आमच्या जाण्याने अटलांटिक सनला कुणाला तरी शोधावे लागले असेल, हेही मी विसरलेले नाही.

जर्सी सिटीतल्या माझ्या घरापासून जर्नल स्क्वेअरचा भारतीय बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चितळ्यांची बाकरवडी आणि भाजणीचे पीठ मी तिथूनच आणते. तिथून थोडे पुढे केनेडी बुलेवार्डवर सेंट पीटर्स हे छोटे कॅथलिक विद्यापीठ आहे. २०२२च्या मार्चपर्यंत बाजारातल्या कुणाला ते ओळखीचे असेल असे वाटत नाही. त्या मार्चमध्ये मेट्रो अटलांटिक कॉन्फरन्सचा अंतिम सामना जिंकून सेंट पीटर्स राष्ट्रीय स्पर्धेत गेले, पंधरावे मानांकन घेऊन (संघ चार विभागांत मांडतात आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा अशी मानांकने देतात), आणि त्यांनी केंटकीला हरवले, मरे स्टेटला हरवले, पर्ड्यूला हरवले. पंधरावे मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. पर्ड्यूच्या सामन्याच्या रात्री आमच्या रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. ज्याच्याकडून मी कढीपत्ता घेते त्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी दारात मोराचे चित्र लावले, कारण मोर हे त्या संघाचे चिन्ह आहे. मला भरून आले. एक लहान संघ आपल्या गल्लीला काय देऊ शकतो, हे मी त्या चित्रात पाहिले.

थोड्याच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, जे त्यांचे स्वतःचे जुने कॉलेज होते, त्यामुळे त्यांना कुणी दोष देणार नाही. मुख्य खेळाडूही निरनिराळ्या विद्यापीठांत विखुरले. आणि ज्या मनमथ विद्यापीठाला हरवून सेंट पीटर्सने गटाचे विजेतेपद मिळवले होते, ते मनमथ त्याच उन्हाळ्यात गट सोडून कलोनियलमध्ये गेले. पुढच्या हिवाळ्यात त्या अंतिम सामन्याची आठवण काढून घरच्या कोर्टवर हिशेब चुकता करायला तो शेजारी गटात उरला नव्हता. एकच राज्य, एका तासाचा रस्ता. वैर जुने व्हायला वर्षे लागतात. दर जानेवारीत तोच रंग, तीच घोषणा, मागच्या वेळी चुकलेला तोच फ्री थ्रो, यांतून ते साचत जाते. फेररचनेत सर्वांत आधी तेच हरवते, आणि त्याची नोंद कुठल्या ताळेबंदात होत नाही.

वर्षभराने आणखी एक नवल घडले, आणि तेही न्यू जर्सीतल्याच एका संघाकडून. फेअरली डिकिन्सन विद्यापीठ नॉर्थईस्ट कॉन्फरन्सचा अंतिम सामना मेरिमॅकविरुद्ध ६७-६६ असा हरले. पण मेरिमॅकला खालच्या विभागातून वर येऊन चार वर्षे पूर्ण झालेली नव्हती, आणि नियमानुसार तोवर त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येत नव्हते. म्हणून हरलेला संघ गेला, आणि १७ मार्च २०२३ रोजी त्याने अव्वल मानांकित पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरी वेळ. ही गोष्ट सांगताना लोक फेअरली डिकिन्सनच्या धैर्याबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला त्याबरोबर मेरिमॅकची मुलेही दिसतात, ज्यांनी गट जिंकला आणि मग घरी बसून तो सामना पाहिला. मोठे वर सरकले की लहान गट खालच्या विभागातून नवे सभासद आणतात, आणि त्या नव्या मुलांचे कॉलेजचे आयुष्य प्रवेशाची वाट पाहण्यात संपते. मेरिमॅकने पुढे २०२४मध्ये गटही बदलला. रिकाम्या झालेल्या जागांवर जे आले त्यांत शिकागो स्टेट होते, आमच्या ग्रेट वेस्टमधला जुना सोबती. वेस्टर्न अॅथलेटिकमध्ये नऊ वर्षे अॅरिझोना, यूटा, सिअॅटल अशा चकरा मारून ते २०२२मध्ये बाहेर पडले होते, आणि दोन वर्षे आमच्यासारखेच बेघर होते. त्या बेघरपणात, १३ डिसेंबर २०२३ रोजी, त्यांनी राष्ट्रीय क्रमवारीतल्या नॉर्थवेस्टर्नला ७५-७३ असे हरवले. ते वाचले तेव्हा मी सोलापूरच्या मैत्रिणीला फोन केला. ती आता ऑस्टिनला असते. तिला काहीच सांगावे लागले नाही, ‘दोन गुणांनी?’ एवढेच तिने विचारले.

पैशाची बाजूही सांगायला हवी, कारण ती नसती तर यांतले काहीच घडले नसते. बिग टेन कॉन्फरन्सने २०२२मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या दूरचित्रवाहिन्यांशी केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरांहून मोठा आहे, आणि तो मुख्यतः फुटबॉलसाठी आहे. त्याच ओढीने २०२४मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे बिग टेनमध्ये आली, पॅक-१२ ही शंभर वर्षांहून जुनी परंपरा सांगणारी कॉन्फरन्स दोन सभासदांवर आली, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळू लागले. लहानांचे अर्थकारण वेगळ्याच मापाचे असते. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे, अंतिम सामना वगळता, त्या संघाच्या कॉन्फरन्सला एक वाटा मिळतो, सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर. तो संघाच्या नावावर नसून कॉन्फरन्सच्या नावावर असतो आणि सगळ्या सभासदांत वाटला जातो. एका लहान संघाने एक सामना जिंकला की गटातल्या आठ-दहा विद्यापीठांचे बसभाडे आणि जेवणखाण सुटते. जो संघ अशी कमाई करतो तोच गट सोडून गेला, की पुढची कमाई करणारा मिळेपर्यंत वाट पाहणे आले. त्यात खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात २०२५च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार मोठी विद्यापीठे खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरांपर्यंत थेट देऊ लागली आहेत. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा वाटा मिळावा याविषयी माझ्या मनात शंका नाही. फार आधी मिळायला हवा होता. पण खेळाडूंना मागच्या थकबाकीपोटी जे सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत, त्यांतला मोठा हिस्सा एनसीएए सगळ्या कॉन्फरन्सांना देत असलेल्या वाट्यात कपात करून भरला जाणार आहे, आणि ज्यांच्याकडे फुटबॉलचा मोठा संघही नाही अशा लहान गटांना तो भार अन्यायाचा वाटतो. मलाही तो तसाच वाटतो.

२०२५च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत आलेले सगळे संघ चारच कॉन्फरन्सांचे होते, आणि त्यांत साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे एकटीचे सात. शेवटचे चार संघ म्हणजे चारही अव्वल मानांकने. त्या वर्षी जर्नल स्क्वेअरमध्ये कुणी कसलेही चित्र लावले नाही.

प्रशिक्षकांचीही अशीच एक साखळी आहे आणि तीही मी त्या जुन्या सवयीने कागदावर काढून पाहिली. २०१८मध्ये यूएमबीसी या आमच्याच अमेरिका ईस्टमधल्या संघाने व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिली वेळ. तेव्हाचे यूएमबीसीचे प्रशिक्षक रायन ओडम पुढे यूटा स्टेटला गेले, तिथून व्हर्जिनिया कॉमनवेल्थला, आणि २०२५मध्ये व्हर्जिनियालाच. त्यांनी व्हर्जिनिया कॉमनवेल्थमध्ये रिकामी केलेली जागा भरली ती ब्रायंटच्या प्रशिक्षकांनी, ज्यांनी त्याच महिन्यात अमेरिका ईस्ट जिंकून संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेले होते. एनजेआयटीच्या जिम एंगल्सनीही मिशिगनच्या विजयानंतर दुसऱ्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचा रस्ता धरला होता. बाण नेहमी वरच्या दिशेने जातात, आणि खाली ज्या मुलांना त्या प्रशिक्षकाने घरी येऊन, आईबापांसमोर बसून शब्द दिलेला असतो, ती मुले एप्रिलमध्ये नव्या माणसाची ओळख करून घेत बसतात.

ब्रायंट हे तेच. ज्यांना हरवून आमची ५१ पराभवांची मालिका तुटली, ते २०२२पासून आमच्याच गटात आहेत. एनजेआयटीचे २०२५पर्यंतचे काही हंगाम बहुतांशी पराभवांचे गेले, आणि तोवर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही पोहोचलेला नव्हता. जुन्या जिमच्या जागी आता साडेतीन हजार खुर्च्यांचे नवे क्रीडागृह आहे, तेही सहसा भरत नाही. मी जाते. आता माझ्याबरोबर माझी सहा वर्षांची मुलगी असते, तिला चेंडूपेक्षा पॉपकॉर्नमध्ये जास्त रस आहे. मागच्या बाकावरचे ते गृहस्थ आता येत नाहीत. पण वेळापत्रक मी दर वर्षी छापून फ्रिजच्या दारावर लावते, घरचे सामने लाल शाईने अधोरेखित करते, आणि जानेवारी-फेब्रुवारीचे रकाने लाल रेघांनी भरलेले असतात: मेन, व्हरमाँट, ऑल्बनी, बिंगहॅम्टन, ब्रायंट. मुलीला नुकते मराठी अक्षरे जोडून वाचता येऊ लागले आहे, म्हणून गेल्या वर्षी मी ती नावे तिच्यासाठी देवनागरीत लिहिली. ‘ब्रायंट’ तिला जमत नव्हते. ब, र, य, वर टिंब, असे करत ती बराच वेळ फ्रिजसमोर उभी राहिली, आणि मग तिने विचारले, हे लोक पुढच्या वर्षी पण येणार आहेत का?